हरणाऱ्यांनी ठेवलेली नावं

पोकरमध्ये एक्का-राजा घेऊन हरलेला माणूस पानं टाकताना हमखास पुटपुटतो, ‘कुर्निकोवा!’ इंग्रजीत एक्क्याचं अक्षर ए, राजाचं के, आणि टेनिसपटू ॲना कुर्निकोवाचीही आद्याक्षरं तीच. दिसायला देखणी, पण जिंकत नाही, असा हा टोमणा. व्यावसायिक टूरवर एकेरीचं विजेतेपद तिला मिळालं नाही, हे खरं. पण मार्टिना हिंगिसबरोबर १९९९ आणि २००२ साली तिनं ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली होती, हे टेबलावर कुणाला आठवत नाही.

मी सावंतवाडीचा. गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोत पानं वाटतो. आमच्या गावच्या दशावतारी गंजिफांत एकशे वीस गोल पानं, आणि त्यांच्या दहा रंगांना मत्स्य, कूर्म, वराह अशी देवाची नावं. पोकरच्या पानांना नावं मिळाली ती खेळणाऱ्यांच्या तोंडून, तीही बहुतेक हरणाऱ्यांच्या. एक्का-राजाचंच बघा. दोन पानांत याहून बरं फारसं काही मिळत नाही. पण ती जोडी नव्हे. समोर दुऱ्यांची जोडी असली, तरी सगळे पैसे लावलेले निम्म्याच्या आसपास डाव जातात. जिंकलेले विसरतात, गेलेल्या डावांचं नाव पडतं.

सगळ्यांत जुनं आणि प्रसिद्ध नाव तर मेलेल्या माणसाचंच. २ ऑगस्ट १८७६ रोजी डाकोटातल्या डेडवुड गावी नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक दाराकडे पाठ करून पोकर खेळत बसला होता. जॅक मॅकॉलनं मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. त्या वेळी बिलच्या हाती काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या, म्हणून तो ‘डेड मॅन्स हँड’, असं जो तो सांगतो. पण १८८६ च्या एका अमेरिकी वर्तमानपत्रात हेच नाव तीन गुलाम आणि दोन दश्श्यांना दिलेलं सापडतं. एक्के-अठ्ठ्या बिलच्या नावावर पक्क्या चढल्या त्या फ्रँक विल्स्टॅक यांनी १९२६ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रानंतर. म्हणजे नाव आधीपासून फिरत होतं, त्याला शोभेलसा मुडदा नंतर मिळाला.

आज जगभर खेळतात तो पोकरचा प्रकार, टेक्सास होल्डेम, मूळचा टेक्सासमधल्या रॉब्सटाउनचा. टेक्सासच्या विधिमंडळानं २००७ साली ठराव करून तसं मान्यही केलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा खेळ टेक्सासात मागच्या खोल्यांत, बेकायदा चाले. पोलिसांचं भय होतं आणि दरोडेखोरांचंही. गावोगाव फिरणारे जुगारी टोपणनावानंच ओळखले जात. ‘अमारिलो स्लिम’ हा त्यांतलाच, खरं नाव थॉमस प्रेस्टन. टेक्सासचं अमारिलो नावात मिरवणारा हा उंच, सडपातळ गडी जन्मला होता शेजारच्या आर्कान्सात.

त्याचा जोडीदार डॉयल ब्रन्सन. सट्ट्याचे भाव ठरवणारा जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर त्याला ‘टेक्सास डॉयल’ म्हणाला, ऐकणाऱ्यांनी ‘डॉली’ लिहून घेतलं, आणि तो धिप्पाड माणूस जन्मभर टेक्सास डॉली राहिला. १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा तो लास व्हेगासमधली पोकरची जागतिक स्पर्धा जिंकला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुरी होती. तेव्हापासून ही पानं ‘डॉयल ब्रन्सन’. जिंकणाऱ्याचं नाव मिळालेली ही विरळा पानं. पण पानं मुळात भिकार. त्या नावाच्या भरवशावर लोक ती खेळतात आणि माझ्यासमोरच्या चिपा शेजाऱ्याकडे सरकतात.

आम्हा डीलरांना यातलं काही उच्चारायची मुभा नाही. गुलामांची जोडी उघडली की ‘पेअर ऑफ जॅक्स’ एवढंच म्हणायचं. समोरचे म्हणतात ‘फिशहुक्स’, मासे पकडायचे गळ. दुऱ्या ‘डक्स’ आणि अठ्ठ्या ‘स्नोमेन’. नवशिक्याला ‘फिश’ म्हणतात, पण तो उठून गेल्यावर. शहाणे खेळाडू माशाला तोंडावर मासा म्हणत नाहीत. तो दुखावून उठला, तर खायचं कुणाला?

२००३ साली टेनेसीचा एक हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासच्या त्याच जागतिक स्पर्धेत पोचला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकून गेला. नाव ख्रिस मनीमेकर. लोकांना वाटलं, हे नक्की घेतलेलं नाव. पण ते त्याचं खरंखुरं आडनाव होतं. त्याचं पाहून पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेतले खेळाडू ८३९ वरून २,५७६ झाले. त्यांतले कितीतरी पडद्यावरून आलेले, आणि तिथं ज्यानं त्यानं आपलं नाव आपणच निवडलेलं: कुणी वाघ, कुणी किंग, कुणी किलर. आमच्याकडेही असे येतात. पहिल्या तासात स्वतःची ओळख तशीच करून देतात. मात्र स्वतः ठेवलेलं नाव टेबलावर टिकलेलं मी पाहिलेलं नाही. चिपा संपल्यावर शेजारी जे ठेवतो, तेच टिकतं.