एचबीए१सी: दोन लॅबचे आकडे जुळतात का?

धामणगाव रेल्वेत एचबीए१सी ७ टक्के आलं आणि नागपुरात ७.६, तर साखर वाढली की यंत्र बदललं? एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन; हिमोग्लोबिन हे रक्तातलं प्रथिन. पूर्वी लॅबगणिक मोजपट्टी वेगळी असायची. डीसीसीटी या मोठ्या मधुमेह अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. त्याच्याच मोजमापाशी इतर पद्धतींचे आकडे जुळवायचं काम १९९६ मध्ये एनजीएसपी उपक्रमाने सुरू केलं. त्यामुळे आज वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवता येतात.

विदर्भात मात्र सिकलसेलची अडचण उरतेच. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळ कमी मिळतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. काही पद्धती तर नुसत्या वाहकांच्या रक्तातही चुकतात. घरात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना चाचणीआधीच सांगा.