पवनारचे दगड आणि प्रवरपूरचा पत्ता

इतिहासाच्या तासाला ‘साधने’ हा शब्द मुले पाठ करतात: लिखित, भौतिक, मौखिक. परीक्षेत प्रत्येकाची दोन उदाहरणे लिहिली की विषय संपतो. साधन हाती घेऊन त्याला प्रश्न कसे विचारायचे, हे मात्र शिकवायचे राहून जाते. वर्धा जिल्ह्यातील मुलांना हे शिकवायला दूर जाण्याची गरज नाही. धाम नदीकाठचे पवनार पुरेसे आहे.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बाराव्या अध्यायाच्या प्रवचनात राम आणि भरत यांच्या भेटीचे चित्र विनोबांनी मोठ्या जिव्हाळ्याने उभे केले आहे. पुढे 1938 साली ते पवनारला राहायला आले. तेथे जमीन खणताना एक प्राचीन शिल्प निघाले आणि त्यात त्यांना तीच भरतभेट दिसली. आज आश्रमातील भरत-राम मंदिरात ते पूजले जाते.

पवनारला अशी आणखीही शिल्पे मिळाली. ती साधारण पाचव्या शतकातील, म्हणजे वाकाटक काळातील मानली जातात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांत रामायणातील प्रसंग ओळखले. दुसरा प्रवरसेन या वाकाटक राजाची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असेही त्यांनी मांडले. त्यांच्या मांडणीला आधार होता. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, देवाची भक्त होती. तिचा ऋद्धपूर ताम्रपट त्या देवाच्या चरणांपासून दिलेला आहे. रामकथेवरील ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य परंपरेने प्रवरसेनाच्याच नावावर आहे.

पुढच्या काही अभ्यासकांनी हीच शिल्पे पाहिली आणि त्यांतील काहींत कृष्णकथा ओळखली. दगड तोच राहिला, वाचन बदलले.

मुलांना शिल्पासमोर उभे केले की मी आधी एकच अट घालतो: कोणाचेही नाव घ्यायचे नाही. माणसे किती, उभी की बसलेली, हातात काय, कोण कोणाकडे पाहते, दगड कुठे फुटला आहे, एवढेच वहीत उतरवायचे. ‘राम’ हा शब्द दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर दिसते ते, दुसऱ्यावर वाटते ते, आणि तिसऱ्यावर तसे का वाटते ते. मंदिराच्या भिंतीवर शेजारचे शिल्प आपल्याला कथा सांगते. जमिनीतून सुटा निघालेला दगड तो शेजार गमावून बसलेला असतो, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

मग ताम्रपट. प्रवरसेनाचा प्रसिद्ध चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे, पण मिळाला तो अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळ. ताम्रपट दान घेणाऱ्याकडे जात असे. म्हणून तो सापडला ते गाव राजधानीचे असेलच असे नाही. त्यावर वर्ष आहे अठरावे, पण ते राजाच्या कारकिर्दीचे. त्यावरून थेट इसवी सन निघत नाही. एक हजार ब्राह्मणांना गाव देताना राजाने अटीही घातल्या आहेत: राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. राजाचे औदार्य सांगणाऱ्या लेखात राजाची भीतीही सापडते. ती शोधायला मुलांना फार आवडते.

या ताम्रपटांत प्रवरपूरचे नाव आहे, पण आजचा कोणता गाव, ते नाही. ती जोडणी अभ्यासकाची. 1967 साली नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले. तीस वर्षांनी रामटेकजवळच्या मनसर येथे मोठे उत्खनन सुरू झाले. तेथे ‘प्रवरेश्वर’ नावाच्या मुद्रा मिळाल्या आणि प्रवरपूर मनसरलाच असावे, असे काही अभ्यासक म्हणू लागले.

येथे मुलांचा ठरलेला प्रश्न येतो, “मग परीक्षेत काय लिहायचं, सर?” आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा त्याहून अवघड: “आमची राजधानी नेता, आता रामही नेता का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साधनांची चिकित्सा म्हणजे श्रद्धेवर घाला, असा समज एकदा झाला की पुढे कोणी दगडाकडे नीट पाहतच नाही.

मला वाटते, उत्तर विनोबांच्याच शिल्पात आहे. विनोबांनी त्यात भरतभेट पाहिली, ही विसाव्या शतकातली खरी घटना आहे. तिच्यावर एक मंदिर उभे आहे. पाचव्या शतकातल्या कारागिराच्या मनात काय होते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वेगळ्या पुराव्यांनी शोधावे लागते. एकाच दगडाचे हे दोन इतिहास आहेत. एक मान्य करण्यासाठी दुसरा नाकारावा लागत नाही.

परीक्षेत काय लिहायचे, याचे उत्तरही यातूनच येते. ‘पवनार ही राजधानी होती’ असे लिहिण्याऐवजी ‘मिराशींनी अमुक पुराव्यावरून पवनार मानले, नंतर अमुक पुराव्यावरून मनसरचे नाव पुढे आले’ असे लिहावे. वाक्य थोडे लांबते. पण कोणी, कशावरून म्हटले हे विचारायची सवय ज्या मुलाला लागली, ते उद्या मोबाइलवर आलेला जुना फोटो आणि त्याखालचा मजकूरही वेगवेगळा वाचील.