वडगांवच्या विहिरी आणि रक्ताचें पाणी

वडगांव मावळ म्हटलें कीं १७७९ चा जानेवारी आठवतो. रघुनाथरावांस पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तेव्हां महादजी शिंदे व हरिपंत फडके यांनीं पुढचा मुलूखच ओसाड केला. गांवें उठविलीं, दाणावैरण हलविली, तळेगांव पेटविलें. विहिरींत विष कालविल्याचेंही लिहिलेलें आढळतें. जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटून इंग्रजांनीं रातोरात पाय काढला, आणि वडगांवीं त्यांस तह करावा लागला.

शत्रूनें पाणी बिघडविलें, हें कोणासही समजतें. मला सांगावयाचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. त्यांत पाणी घातक झालें तें शुद्ध करणाऱ्याच्याच हातून.

मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसाचें रक्त यंत्रानें धुण्याच्या क्रियेस डायलिसिस म्हणतात. विलेम कोल्फ या डच डॉक्टरानें ती १९४३ सालीं, जर्मनांच्या अमलाखालील कांपेन गांवीं करून पाहिली. फिरत्या पिंपाभोंवतीं गुंडाळलेली सेलोफेनची नळी म्हणजे सॉसेजाचें वेष्टन होतें! पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्यें ६७ वर्षांची एक स्त्री वांचली. पातळ पडद्याच्या एका अंगास रक्त, दुसऱ्या अंगास क्षारमिश्रित पाणी. रक्तांतील मळ पाण्यांत उतरतो. पण या पडद्याचें दार दोन्हीं बाजूंनीं उघडतें. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितों, आणि आंतडीं त्याची कसून चौकशी करतात. डायलिसिसच्या चार तासांत मात्र सुमारें १२० लिटर पाणी रक्ताशेजारून जातें. आंत शिरलेलें बाहेर टाकावयास मूत्रपिंडेंही उरलेलीं नसतात.

१९७० नंतर, वर्षानुवर्षें डायलिसिसवर असलेल्या कित्येक रोग्यांची वाणी अडखळूं लागली, अंगाला झटके येऊं लागले, स्मृति गेली, आणि मृत्यु ओढवला. १९७६ मध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर येथें ॲल्फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत ॲल्युमिनियमचा सांठा दाखविला. संशय प्रथम ॲल्युमिनियमयुक्त औषधावर गेला, आणि तो सर्वस्वीं खोटाही नव्हता. परंतु इंग्लंडांत न्यूकॅसल येथें रोग्यांचीं हाडें कां मोडतात याचा माग काढतां काढतां वाट नळाशीं येऊन पोहोंचली. गढूळ पाणी निवळण्यासाठीं जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी घालतात; आपल्या आजीबाई हंड्यांत फिरवीत तीच, किंवा तिची सख्खी बहीण! पोटाला ती निरुपद्रवी, रक्ताला नाहीं. जंतु मारणारें क्लोरीन, विशेषतः त्यापासून होणारें क्लोरामाईन, तांबड्या रक्तपेशी फोडतें.

मावळांत हें ध्यानीं घेण्यास विशेष कारण आहे. आषाढांत इंद्रायणी व पवना गढूळ होऊन वाहतात. पाणी जितकें गढूळ तितकी तुरटी अधिक, आणि साथीचे दिवस म्हणून क्लोरीनकडेही हात सढळ. चैत्रांतल्या तपासणीच्या भरंवशावर श्रावणांत राहतां येत नाहीं. म्हणून रुग्णालयांत नळाचें पाणी आधीं कोळशांतून नेतात, म्हणजे क्लोरीन अडतें. मग दाबानें बारीक पडद्यांतून, म्हणजे ॲल्युमिनियम मागें राहतें. एका लिटरांत त्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. क्लोरीनची परीक्षा तर रोग्यांची प्रत्येक नवी पाळी लावण्यापूर्वीं करावी लागते. नळीभर पाणी, चिमूटभर रसायन, आणि रंग उमटतो कीं नाहीं हें पाहणें, इतकेंच तें काम आहे.