अरुंद संगणकात दुसरी हार्ड डिस्क : जागा, वीज आणि सुरतेचा धडा

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात गाळा लहान आणि माल अमाप, हे नित्याचे दृश्य आहे. ताग्यांच्या आणि साड्यांच्या गठ्ठ्यांमधून जी थोडी जागा उरते, तिथे दुकानाचा संगणक ठेवलेला असतो. साहजिकच तो बेताच्या आकाराचा, टेबलाखाली किंवा मॉनिटरच्या मागे मावणारा असतो. त्याच्यावरील भार मात्र लहान नसतो. भरतकामाच्या यंत्रांना लागणाऱ्या नक्षींच्या फाइली, छपाईची डिझाइने, ग्राहकांना पाठवायची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांचे हिशेब त्यात साठत जातात.

हिशेब जुने झाले म्हणून पुसून टाकण्याचीही सोय नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र दाखल करण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपणे बंधनकारक आहे. ही अडचण सुरतेच्या व्यापाऱ्याइतकीच म्हापशाच्या दुकानदाराची, मडगावच्या छायाचित्रकाराची आणि पणजीतील वकिलाच्या कार्यालयाचीही आहे. जागा भरली की दुसरी हार्ड डिस्क बसवण्याचा विचार पुढे येतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे काम सोपे असते. लहान पेटीत मात्र डिस्क विकत घेण्यापूर्वी जागा, वीज, जोडणी आणि उष्णता या चार गोष्टी तपासाव्या लागतात.

जागा : आधी मोजमाप, मग खरेदी

डेस्कटॉपची नेहमीची साडेतीन इंची हार्ड डिस्क सुमारे १४७ मिलिमीटर लांब, १०२ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असते. अडीच इंची डिस्क सुमारे १०० मिलिमीटर लांब, ७० मिलिमीटर रुंद आणि बहुधा ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असते. तिसरा प्रकार एम.२ एसएसडीचा. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी ही पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेकदा ८० मिलिमीटर लांब असून ती थेट मदरबोर्डवर बसते. तिला ना वेगळी केबल लागते, ना वेगळा कप्पा.

म्हणून अरुंद पेटी उघडल्यावर प्रथम मदरबोर्डवर एम.२ची खाच आहे का, ते पाहावे. असल्यास ती साटा पद्धतीची पट्टी स्वीकारते की एनव्हीएमई पद्धतीची, हे संगणकाच्या माहितीपुस्तिकेत वाचावे, कारण खाच दिसायला सारखीच असली तरी दोन्ही प्रकार सर्वत्र चालत नाहीत. काही मदरबोर्डांवर एम.२ची खाच वापरात आली की साटाचे एखादे तोंड बंद होते, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

एम.२ची सोय नसेल तर दृष्टी डीव्हीडी ड्राइव्हकडे वळवावी. आज ती क्वचितच वापरली जाते. ती काढून त्या जागी अडीच इंची डिस्क धरणारी चौकट, म्हणजे कॅडी, बसवता येते. बारीक डीव्हीडी ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीची असते, तेव्हा जाडी मोजूनच कॅडी घ्यावी.

कोणताच कप्पा मोकळा नसेल, तर एसएसडी पेटीच्या आतील पत्र्यावर भक्कम दुहेरी चिकटपट्टीने लावली तरी चालते, कारण तिच्यात फिरणारा भाग नसतो. फिरत्या हार्ड डिस्कबाबत हा मार्ग कधीही अवलंबू नये. तिच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ती आडवी किंवा उभी कशीही बसवता येते, मात्र स्क्रूंनी घट्ट आवळलेली हवी. केबलच्या आधाराने लोंबकळत ठेवलेली डिस्क फार काळ टिकत नाही. साडेतीन इंची आणि अडीच इंची डिस्कचे स्क्रू वेगळ्या आट्यांचे असतात, आणि गरजेपेक्षा लांब स्क्रू आतील भागाला इजा करू शकतो.

वीज : एसएमपीएसची कुवत

साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात. चालू असताना तिला थोडीच वीज पुरते, पण तबकड्या फिरायला लागतात त्या पहिल्या काही सेकंदांत ती २० वॉटच्या पुढे जाऊ शकते. अडीच इंची डिस्क आणि एसएसडी यांना केवळ ५ व्होल्ट पुरतात. लहान संगणकाचा एसएमपीएस बेताच्या शक्तीचा असतो. म्हणून तिथे लहान आकाराची डिस्क सोयीची तर असतेच, शिवाय अधिक सुरक्षितही असते.

अनेक कार्यालयीन संगणकांत डिस्कची वीज एसएमपीएसमधून न येता मदरबोर्डवरील छोट्या तोंडातून येते. त्या तोंडाची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. तिथे त्याच मॉडेलची केबल घ्यावी, जुळतेसे दिसणारे तोंड बळेच बसवू नये. जुन्या चार पिनांच्या तोंडातून साटाची वीज काढणारे स्वस्त जोडही बाजारात मिळतात. त्यांपैकी ज्यांच्या तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून पक्क्या केलेल्या असतात, त्यांत आतल्या आत तारा एकमेकींना भिडून जोड जळण्याचे प्रकार घडलेले आहेत. काही रुपयांच्या बचतीसाठी हा धोका पत्करू नये.

जोडणी : घाई नको, क्रम हवा

काम सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. संगणक पूर्ण बंद करून प्लग काढावा आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. साटाच्या माहितीच्या केबलला ७ आणि विजेच्या केबलला १५ जोडबिंदू असतात. दोन्हींची खाच काटकोनी असल्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर लावावा लागत असेल, तर दिशा चुकली आहे असे समजावे. केबल पंख्याच्या पात्यांत येणार नाही अशी वळवावी.

संगणक सुरू केल्यावर बायोसमध्ये नवी डिस्क दिसते का, ते पाहावे. तिथे दिसली आणि विंडोजमध्ये दिसली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. कोऱ्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी सिद्ध करावे लागते. तिथे जीपीटी हा पर्याय निवडावा, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही. यादीत जुनी डिस्कही असते, म्हणून नाव आणि क्षमता दोनदा वाचूनच पुढे जावे. डिस्क दुसऱ्या संगणकातून काढून आणलेली असेल आणि विंडोज ती फॉरमॅट करण्याची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबावे. एका होकाराने वर्षांचे काम पुसले जाऊ शकते.

पेटीत एकच डिस्क मावत असेल, तर दुसरीचा हट्ट सोडणे शहाणपणाचे. असलेल्या डिस्कची हुबेहूब प्रत मोठ्या डिस्कवर उतरवून तीच आत बसवावी.

उष्णता आणि दमट हवा

बहुतेक हार्ड डिस्क ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात, पण त्या कायम या सीमेजवळ चालवणे योग्य नाही. अरुंद पेटीत दोन डिस्क एकमेकींना चिकटून बसवल्या की हवा खेळत नाही. दोघींमध्ये शक्य तेवढी फट ठेवावी, पंख्यावरील धूळ काढावी आणि पेटी भिंतीला टेकवू नये. सुरत आणि गोवा दोन्हीकडे हवेत समुद्राचा दमटपणा असतो. अशा हवेत जोडबिंदू कालांतराने काळवंडतात. डिस्क मधूनमधून नाहीशी होत असेल, तर ती बदलण्याआधी केबल काढून पुन्हा बसवून पाहावी किंवा नवी केबल लावावी.

सुरतेने शिकवलेली गोष्ट

दुसरी डिस्क बसली की आपली माहिती सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरात तळमजल्यावरील टेबलाखालची पेटी बुडते, तेव्हा तिच्यात एक डिस्क आहे की दोन, याने काही फरक पडत नाही. गोमंतकालाही हा अनुभव नवा नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात आणि जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली परिसरात पाणी घराघरांत शिरले होते.

पूर नसला तरी चोरी, आग, विजेचा लोळ किंवा एसएमपीएसमधील बिघाड एकाच वेळी पेटीतील दोन्ही डिस्क निकामी करू शकतो. दोन डिस्कवर एकच माहिती आपोआप लिहिण्याची सोय केली, तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम लक्षात ठेवावा. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. दुकानदाराने दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर हिशेबाची प्रत काढून ती घरी नेली, तरी या नियमातील सर्वांत मोलाचा भाग साधतो. महिनोन्महिने विजेविना कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा फिरती हार्ड डिस्क बरी.

पावसाळ्यापूर्वी संगणकाची पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवावी. तरीही डिस्क भिजलीच, तर तिला वीज देऊ नये, ती उघडू नये आणि गरम हवेने वाळवूही नये. माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे ती विनाविलंब न्यावी.

दुसरी हार्ड डिस्क जागेचा प्रश्न सोडवते आणि तेवढ्यासाठी ती अवश्य बसवावी. माहिती जपण्याचे काम मात्र पेटीबाहेर, दुसऱ्या छपराखाली ठेवलेल्या प्रतीवरच सोपवावे लागते.