स्कॅन नॉर्मल, म्हणजे नेमकं काय?

"डॉक्टर, मेंदूचा स्कॅन नॉर्मल आला. म्हणजे मेंदूत काहीच दोष नाही ना?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. याला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. मेंदूची प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नातून जन्माला आली आणि ती तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते. या तपासण्यांचा इतिहास पाहिला की हे चटकन लक्षात येतं.

जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. मोडलेलं हाड, शरीरात रुतलेली गोळी दिसू लागली. मेंदू मात्र दिसेना. कवटीचं हाड जाड, आणि आतला मेंदू, रक्त, गाठ यांची घनता इतकी जवळजवळची, की साध्या एक्स-रेमध्ये सगळं सारखंच दिसतं.

मग डॉक्टरांनी आडवाट धरली. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली कवटीला छिद्र पाडून त्या पोकळ्यांत हवा भरण्याची पद्धत मांडली. एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली, तर दुसऱ्या बाजूने गाठ ढकलत असावी, असा अंदाज. पुढे ही हवा कमरेतून, मणक्यांमधून सोडू लागले. त्यानंतर रुग्णाचं डोकं भयंकर दुखे, उलट्या होत. तरी दुसरा चांगला पर्याय नसल्याने ही तपासणी जवळपास पन्नास वर्षं चालली. लिस्बनचे एगाश मोनीझ यांनी १९२७ मध्ये मानेतल्या रोहिणीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. ही अँजिओग्राफी आजही उपयोगी आहे. पण दोन्हींत मेंदू स्वतः दिसतच नव्हता. दिसत होत्या त्या पोकळ्या आणि रक्तवाहिन्या.

मेंदू प्रत्यक्ष दिसला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात. ईएमआय या कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून, कोणत्या ठिकाणी किती किरण अडले याचं गणित संगणकाकडून करवून घेतलं. सुरुवातीच्या चित्रात ८० गुणिले ८० एवढेच चौकोन होते. तरीही मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ दिसली. हाच सीटी स्कॅन. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता!

पक्षाघाताच्या रुग्णाचा आपण आधी सीटी का करतो, तेही इथे समजेल. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर साधारण साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. पण रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा नॉर्मल असतो. तिथे 'नॉर्मल' याचा अर्थ 'रक्तस्राव नाही' एवढाच. 'पक्षाघात नाही' असा नव्हे.

एमआरआय क्ष-किरण वापरत नाही. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. मोठ्या चुंबकात रेडिओलहरींनी त्याला चाळवलं, की तो संकेत परत देतो. त्या संकेतांतून चित्र कसं रचायचं हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. मेंदूतला करडा आणि पांढरा भाग एमआरआयमध्ये स्पष्ट वेगळा दिसतो. १९८० च्या दशकात पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्यूजन पद्धत आली. रक्त न मिळालेल्या पेशी सुजतात आणि त्यांच्यातल्या पाण्याची हालचाल मंदावते. त्यामुळे सीटीत न दिसणारा ताजा पक्षाघातही तिथे बहुधा दिसतो.

इथवर झाली रचना, म्हणजे घराचा नकाशा. घरात चाललंय काय, हा प्रश्न वेगळा. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदल्या. हा ईईजी. फिट येणाऱ्या रुग्णाचा एमआरआय नॉर्मल असूनही ईईजीत दोष सापडू शकतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. १९७६ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेली ग्लुकोज न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवून विमानाने फिलाडेल्फियाला नेली गेली, कारण दर ११० मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, हे त्यातून दिसलं. आजच्या पेट स्कॅनमध्ये हीच ग्लुकोज वापरतात. अल्झायमरमध्ये ठरावीक भागांचा वापर कमी झालेला दिसतो.

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की एमआरआयचा संकेतही बदलतो. त्यातून फंक्शनल एमआरआय आला. वर्तमानपत्रात 'प्रेमात पडलेला मेंदू' म्हणून छापून येणारी रंगीत चित्रं याचीच. ते रंग विचारांचा फोटो नव्हेत. सोसायटीच्या मीटरमध्ये कोणत्या घरात वीज जास्त जळते ते कळतं, आत काय बोलणं चाललंय ते कळत नाही, तसंच हे. शिवाय ते रंग आकडेमोडीतून येतात. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी चक्क एक मेलेला सॅमन मासा या यंत्रात ठेवला. आकडेमोडीतली आवश्यक काळजी मुद्दाम न घेतल्यावर त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसली!

म्हणून पुढच्या वेळी स्कॅन करायला सांगितला, तर डॉक्टरांना जरूर विचारा, "यातून कोणता प्रश्न सुटणार आहे?" मायग्रेन आणि नैराश्य यांचं निदान आजही रुग्णाशी बोलून होतं. स्कॅन नॉर्मल आला म्हणून ते दुखणं खोटं ठरत नाही. घरातल्यांनी "उगाच नाटक करतोय" असं म्हणू नये.

याउलट चेहरा अचानक वाकडा झाला, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा कधी नव्हे इतकं डोकं एकाएकी दुखू लागलं, तर घरी थांबू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा आणि सीटीची सोय असलेलं रुग्णालय तातडीने गाठा.