हाऊस संगीतातील दोन घराणी

'डीजे' हा शब्द आपल्याकडे इतका बदनाम झाला आहे की, तो उच्चारताच सुजाण श्रोता कानांवर हात ठेवतो. मिरवणुकीत ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत आणि थरथरणारी तावदाने, एवढाच अर्थ त्याला उरला आहे. वस्तुतः डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजविणारा. दुसऱ्यांनी गायिलेले व वाजविलेले जो केवळ पुन्हा वाजवितो, त्याला कलावंत म्हणावे की यंत्रचालक, हा प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर शिकागो शहरात जावे लागते.

तंत्र थोडक्यात सांगू. दोन तबकडीयंत्रे शेजारी ठेवायची; एक वाजत असता दुसरीचा ठेका कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून ऐकायचा, आणि दोन्ही ठेके एकावर एक बसले की श्रोत्यांच्या नकळत एकीतून दुसरीत जायचे. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस ग्रासोने 1960 च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती रूढ केली. पुढे 1979 साली टेक्निक्स कंपनीच्या सुधारलेल्या यंत्रात वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली, आणि कानाने होणारे काम हाताला सोपे झाले.

1977 साली रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थाने शिकागोच्या जेफर्सन रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत 'वेअरहाऊस' नावाचा नृत्यक्लब चालविला. तेथे वाजविण्यासाठी त्याने प्रथम न्यूयॉर्कच्या लॅरी लेव्हानला विचारले. त्याने नकार दिला, तेव्हा त्याचाच मित्र फ्रँकी नकल्स हा बावीस वर्षांचा तरुण आला. येथे जमणारी मंडळी बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिन, आणि पुष्कळशी समलिंगी. इतरत्र दारातूनच परतविली जाणारी ही माणसे येथे शनिवारच्या रात्रीपासून रविवार उजाडून जाईपर्यंत नाचत. या वेअरहाऊसच्या नावाचाच उत्तरार्ध पुढे संगीताला चिकटला.

बाहेरचे वारे कसे होते? 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने, डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा त्या दिवशी तेथे प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करीत होता. लोकांनी आणलेल्या तबकड्या केवळ डिस्कोच्या नव्हत्या, कृष्णवर्णीय गायकांच्या कसल्याही होत्या, असे त्याने पुढे सांगितले. हाच लॉरेन्स 1984 सालच्या 'ऑन अँड ऑन' या, हाऊसच्या पहिल्या काही तबकड्यांपैकी एकीचा सहनिर्माता होय.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरविली, तेव्हा नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या. नकल्सची शैली या टंचाईतून घडली. तो जुन्याच गाण्यांच्या टेपा कापून-जोडून लांबवी. ठेका वाढवी, गायन मागे ढकली, जे पद लोकांना हवे ते उशिरा आणी. पुढे त्याने रोलंड कंपनीचे तालयंत्र घेऊन तबकडीच्या खाली स्वतःचा ठेका घातला. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास मात्रा, आणि प्रत्येक मात्रेवर ढोलाचा ठोका. त्याचे वाजविणे गोलाईचे, सबुरीचे. चांगला कीर्तनकार जसा पूर्वरंगात श्रोत्याला हळूहळू बसवितो आणि आख्यानाला घाई करीत नाही, तसा हा रात्र बसवीत असे.

1982 च्या अखेरीस नकल्स बाहेर पडला आणि त्याने 'पॉवर प्लँट' नावाचा स्वतःचा क्लब काढला. विल्यम्सने आपल्या 'म्युझिक बॉक्स'साठी रॉन हार्डीला आणले. येथून दुसरे घराणे सुरू होते. हार्डीला गोलाई मानवत नसे. तो तबकडी मूळ वेगाहून जलद फिरवी. खर्जाचे स्वर एकदम काढून घेई आणि अंगावर धाडकन सोडी. एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवी, कधी गाणे चक्क उलटे वाजवी. दोन तबकड्यांचा सांधा दिसला तरी त्याला पर्वा नसे. नकल्सच्या कानाला हे रांगडे वाटावे, आणि होतेही ते रांगडे. परंतु आमचे मत असे की, हाऊस संगीताचे पुढचे पाऊल हार्डीच्याच हातून पडले.

त्याचा पुरावा द्यावा. फ्यूचर नावाच्या मंडळातील तीन तरुणांनी रोलंडच्या 'टीबी-303' या खर्जयंत्रातून किरकिरते, वळवळते स्वर काढले आणि ती टेप हार्डीकडे नेली. वास्तविक गिटार वाजविणाऱ्याला साथ मिळावी म्हणून बनविलेले हे यंत्र बाजारात पडले होते. हार्डीने टेप लावताच मंडळी नाचायची थांबली. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि चौथ्या खेपेस सारे सभागृह बेभान झाले. 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने ती 1987 साली प्रसिद्ध झाली. नुसता यंत्रचालक असता तर पहिल्या खेपेसच त्याने टेप परत केली असती.

(जाता जाता सांगण्याजोगे: तेच यंत्र घेऊन मुंबईच्या चरणजित सिंग या वादकाने 1982 साली दहा रागांची तबकडी केली होती. शिकागोला तिचा पत्ता नव्हता, मुंबईनेही तिच्याकडे पाहिले नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले.)

रेडिओवर 'हॉट मिक्स फाइव्ह' हे पाच जणांचे मंडळ गाजत होते. त्यांचा भर चपळ हातचलाखीवर, झटपट तुकडे जोडण्यावर होता. घरोघरची मुले त्यांच्यामुळेच या संगीताकडे वळली. मात्र सबंध रात्र उभी करणे हे त्यांचे काम नव्हते.

हार्डी 1992 साली वारला. त्याच वर्षी लेव्हानही गेला. नकल्सला 1998 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, 2004 साली जेफर्सन रस्त्याच्या एका भागाला शिकागोने त्याचे नाव दिले, आणि 2014 साली तो निवर्तला. वेअरहाऊसची इमारत 2023 साली शहराने संरक्षित वास्तू ठरविली. हार्डीच्या रात्री मात्र श्रोत्यांनी हातोहात नकलून घेतलेल्या कॅसेटींवर राहिल्या आहेत. त्यांत खरखर पुष्कळ आहे, पण खर्ज काढून घेतल्याची ती जागा स्पष्ट ऐकू येते.