श्वास मोजणाऱ्या सुईणी

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही. ते नीट मांडलेले आढळते ते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. वाताची नाडी सापाच्या किंवा जळवेच्या गतीची, पित्ताची बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंसासारखी संथ. या वर्णनांमागचे बारीक निरीक्षण आदर वाटावा असेच आहे. पण ही जाण बोटांतच राहते. दोन वैद्यांनी एकच मनगट धरले आणि त्यांचे पटले नाही, तर कोण बरोबर हे ठरवायचे कसे? मोजमापामुळे वैद्यकात अचूकता आली, असे आपण म्हणतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की रुग्णाबद्दलची जाण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येऊ लागली.

जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने नाडी मोजण्यासाठी नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ १७०७ मध्येच पुढे आणले होते, पण तेव्हा त्याचे फारसे कुणी मनावर घेतले नाही. खरा पालट तापाच्या नोंदींनी घडवला. लायप्झिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ च्या ग्रंथात सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींचा आधार घेतला. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर घडवला. आता रात्रपाळीची परिचारिका ताप मोजून तक्त्यावर ठिपका देऊ शकत होती. टायफॉइडचा पायरीपायरीने चढणारा ताप सकाळी आलेल्या डॉक्टरला कागदावर दिसे, मग रात्री खाटेजवळ कोणीही असो.

यावर जुना आक्षेप असा, की आकडा आला आणि हाताची जाण गेली. त्यात तथ्य आहे. नाडीचा भरीवपणा, तिची लय ठोक्यांच्या संख्येत मावत नाही. शिवाय यंत्रही फसते: बोटावरच्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमधली प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा हुकवली, असे अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात दिसले. तरीही ही चूक सापडली ती आकडा रक्ततपासणीच्या आकड्याशी ताडून पाहता आला म्हणूनच. बोटांची चूक अशी पकडता येत नाही. ती वैद्याबरोबरच जाते.

या सोपवण्याचे सर्वांत धीट उदाहरण गडचिरोलीचे आहे. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायला श्वासाची गती हे मोठे लक्षण: दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या मुलात ५०. पण निरक्षर सुईणीने साठपर्यंत मोजायचे कसे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी एकत्र बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणे पुरेसे होते. नुसत्या मोजण्याने मूल वाचत नाही, हेही खरेच. म्हणून गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि सुईणींच्या हाती प्रतिजैविकही दिले गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू या गावांत ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५.